राडारोडा आणि उकाडा: पुनर्विकासातले दोन दुर्लक्षित हिशेब

मुंबई, ठाणे किंवा पुण्यात एखाद्या गृहनिर्माण संस्थेची पुनर्विकासाची सभा भरली की चर्चा ठरावीक विषयांभोवती फिरते. वाढीव चटईक्षेत्र किती मिळणार, भाडे किती, कॉर्पस (विकासकाकडून मिळणारा एकरकमी निधी) किती आणि ताबा कधी, हे ते विषय. जुनी इमारत पाडल्यावर तिचा माल कुठे जाणार आणि नव्या इमारतीच्या भिंती कशाच्या असणार, हे प्रश्न सहसा विकासकावर सोडून दिले जातात. पहिला प्रश्न कचऱ्याचा आहे आणि दुसरा ऊर्जेचा. बांधकाम क्षेत्रात या दोहोंवर स्वतंत्रपणे पुष्कळ बोलले जाते. पण एकाचे उत्तर शोधताना दुसरा प्रश्न बिघडू शकतो, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. म्हणून येथे दोन्हींचा विचार एकत्र केला आहे.

आधी कचऱ्याचे आकारमान पाहू. टायफॅक या केंद्र सरकारच्या तंत्रज्ञानविषयक संस्थेचा ठोकताळा असा आहे की नवे बांधकाम करताना दर चौरस मीटरमागे ४० ते ६० किलो कचरा निघतो आणि पक्की इमारत पाडताना दर चौरस मीटरमागे ३०० ते ५०० किलो. चार मजली, सोळा सदनिकांची, साधारण हजार चौरस मीटर बांधकामाची इमारत धरली, तर तिच्या पाडकामातून ३०० ते ५०० टन माल निघेल, म्हणजे दहा टनी ट्रकच्या तीस ते पन्नास खेपा होतील. तेवढ्याच आकाराची इमारत नव्याने बांधताना निघणारा कचरा याच्या सुमारे आठव्या हिश्श्याइतका असतो. त्यामुळे कचरा कमी करण्याच्या कोणत्याही गंभीर चर्चेची सुरुवात पाडकामापासूनच व्हायला हवी.

पाडलेल्या इमारतीतला सगळाच माल वाया जात नाही. जुन्या वाड्यांतले आणि चाळींतले सागवानी वासे, दारे, खिडक्या आणि मंगलोरी कौले यांना आजही गिऱ्हाईक आहे. एवढे की चांगला माल असलेली इमारत पाडण्यासाठी कंत्राटदार मालकाकडून पैसे घेण्याऐवजी मालकालाच पैसे देतो. सिमेंट काँक्रीटच्या इमारतीतही सळई शेवटच्या तुकड्यापर्यंत ओढून काढली जाते. ती भंगारात जाते, भट्टीत वितळते आणि पुन्हा सळई होऊन बाजारात येते. जालन्याचा पोलाद उद्योग मुख्यतः अशा भंगारावर उभा आहे. ॲल्युमिनियमच्या खिडक्या आणि तांब्याच्या वायरी यांचीही तीच गत. मागे उरते ते ज्याला भाव नाही असे: काँक्रीटचे ढेकळ, विटांचे तुकडे, गिलाव्याची माती, फरशांच्या ठिकऱ्या आणि पीओपी. हाच राडारोडा रात्रीच्या अंधारात खाडीकाठच्या कांदळवनात, नाल्यात किंवा शहराबाहेरच्या मोकळ्या जागेत रिकामा होतो. ज्या मालाला बाजारात किंमत आहे त्याच्या पुनर्वापरासाठी कायद्याची गरज पडलेली नाही आणि ज्याला किंमत नाही तो कायद्यालाही सहसा जुमानलेला नाही.

न्यायालयाने हा प्रश्न एकदा फार कठोरपणे हाताळला. मुंबईतील देवनार आणि मुलुंड येथील कचराभूमींची क्षमता संपल्याच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१६ मध्ये शहरातील नव्या बांधकामांना परवानग्या देण्यावर निर्बंध आणले. मार्च २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यातून सशर्त सवलत दिली आणि राडारोडा निश्चित केलेल्या जागीच टाकला जाईल, ही त्यातली महत्त्वाची अट होती. कचऱ्याची जागा दाखवल्याखेरीज इमारतीचा पाया घालता येणार नाही, असा या दोन आदेशांचा व्यवहारातला अर्थ होता.

दरम्यान २०१६ मध्येच केंद्राने बांधकाम व पाडकाम कचऱ्यासाठी स्वतंत्र नियम केले. दिवसाला २० टन किंवा एका प्रकल्पात महिन्याला ३०० टनांहून अधिक कचरा निर्माण करणाऱ्याने काँक्रीट, माती, विटा व गिलावा आणि लोखंड-लाकूड-प्लॅस्टिक असे चार भाग जागेवरच वेगळे करावेत, अशी तरतूद त्यांत होती. त्यांची जागा घेणारे नवे नियम २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून त्यांच्या अंमलबजावणीसाठी १ एप्रिल २०२६ ही तारीख ठरवण्यात आली. वीस हजार चौरस मीटर वा त्याहून अधिक बांधकाम असलेल्या प्रकल्पांच्या प्रवर्तकांवर त्यांत कचऱ्याच्या पुनर्प्रक्रियेची थेट जबाबदारी टाकलेली आहे. ही चांगलीच गोष्ट आहे, पण आपल्या शहरांतले पुनर्विकासाचे कित्येक प्रकल्प एकेकट्या सोसायटीचे आणि या मर्यादेहून लहान असतात, हेही लक्षात ठेवलेले बरे.

काँक्रीटपासून पुन्हा खडी

राडारोड्यावर प्रक्रिया करणारा देशातला पहिला प्रकल्प २००९ मध्ये दिल्लीत बुराडी येथे सुरू झाला. मुंबई महानगरपालिकेनेही दहिसर आणि शिळफाटा येथे दिवसाला प्रत्येकी ६०० टन क्षमतेचे प्रकल्प उभारले आहेत. तिथले काम तत्त्वतः सोपे असते. आलेल्या मालातून लाकूड, प्लॅस्टिक, चिंध्या हातांनी वेचून काढतात, लोखंड चुंबकाने ओढून घेतात, उरलेला माल क्रशरमध्ये फोडतात, चाळतात आणि काही ठिकाणी धुऊन घेतात. त्यातून निरनिराळ्या आकारांची खडी आणि वाळू मिळते व तिचे पेव्हर ब्लॉक, रस्त्याकडेचे कर्ब स्टोन किंवा रस्त्याखालचा भराव होतो.

अडचण मालाच्या दर्जाची असते. जुन्या खडीला सिमेंटचा थर चिकटलेला राहतो आणि तो थर सच्छिद्र असल्याने पाणी शोषतो. त्यामुळे नव्या काँक्रीटमध्ये पाण्याचे प्रमाण सांभाळणे अवघड होते. पीओपी मिसळलेले असेल, तर त्यातल्या सल्फेटमुळे काँक्रीटचे पुढे नुकसान होऊ शकते. म्हणूनच खडी-वाळूच्या भारतीय मानकाने, म्हणजे आयएस ३८३ ने, २०१६ च्या आवृत्तीत पुनर्प्रक्रिया केलेल्या काँक्रीटच्या खडीला परवानगी देताना मर्यादाही घातल्या. बिनसळईच्या काँक्रीटमध्ये ती २५ टक्क्यांपर्यंत, सळईच्या काँक्रीटमध्ये एम २५ या मध्यम ताकदीच्या दर्जापर्यंतच आणि तीही २० टक्क्यांपर्यंत वापरता येते. पायाखालच्या हलक्या थरात मात्र पूर्ण शंभर टक्के चालते. पाडताना विटा, गिलावा आणि पीओपी एकत्र कालवले, की क्रशर कितीही महागडा असला तरी त्यातून हलक्या प्रतीचाच माल पडतो. मालाची प्रत पाडकामाच्या जागी ठरते. यंत्राची पाळी त्यानंतर येते.

पाडकामाखेरीज नव्या कामावर जो कचरा होतो, त्यातला बराचसा नकाशावरच जन्माला आलेला असतो. दहा फुटी खोलीचे उदाहरण घेऊ. दहा फूट म्हणजे ३.०५ मीटर. ६०० मिलिमीटरच्या पाच फरशा सांध्यांसह लावल्यावर ३.०१ मीटर भरतात आणि भिंतीलगत चार सेंटिमीटरची फट उरते. ती भरायला फरशीची जी अरुंद पट्टी कापावी लागते ती कापतानाच वारंवार तुटते, आणि खोलीची एक बाजू अशा पट्ट्यांनी भरेपर्यंत चांगल्या फरशांचा ढीग कोपऱ्यात पडलेला असतो. खोली आतून चार सेंटिमीटरने अरुंद आखली असती, तर रहिवाशाला तो फरक जाणवलाही नसता.

सळईचेही तसेच आहे. सळई बारा मीटर लांबीची येते. कॉलमसाठी ३.७ मीटरचे तुकडे हवे असतील, तर एका सळईतून तीन निघतात आणि ९० सेंटिमीटरचा कटपीस उरतो, म्हणजे साडेसात टक्के माल भंगारात गेला. त्याच कामात दुसरीकडे २.३ मीटरच्या सळया लागणार असतील, तर ३.७ चे दोन आणि २.३ चे दोन तुकडे मिळून बरोबर बारा मीटर होतात. ही जोडणी करायला महागडे सॉफ्टवेअर लागत नाही; कटिंग सुरू होण्याआधी सगळ्या सळयांची यादी फिटरच्या हातात असावी लागते. पुष्कळ साइटवर ती स्लॅबगणिक, तुकड्यातुकड्यांनी येते.

ट्रान्झिट मिक्सरमध्ये उरलेल्या काँक्रीटला तर थांबायलाही वेळ नसतो. दीड-दोन तासांत ते वापरले नाही तर फेकावे लागते. जागरूक साइटवर अशा वेळेसाठी कव्हर ब्लॉकचे (सळई साच्यापासून दूर ठेवणाऱ्या ठोकळ्यांचे) आणि चेंबरच्या झाकणांचे साचे तयार ठेवलेले असतात.

कचऱ्याचा ऊर्जेशी संबंध इथूनच सुरू होतो, कारण फेकलेल्या काँक्रीटबरोबर ते तयार करताना खर्ची पडलेला कोळसाही फेकला जातो. सिमेंटचा क्लिंकर, म्हणजे ज्याची पूड करून सिमेंट बनते तो भाजलेला माल, सुमारे १४५० अंश सेल्सिअस तापमानाला भाजावा लागतो. त्याच्या उत्सर्जनातला निम्म्याहून अधिक कार्बन डायऑक्साइड इंधनातून येत नाही. चुनखडी तापून विघटित होते, त्यातूनच तो बाहेर पडतो. याचा अर्थ असा की भट्टी उद्या सौरऊर्जेवर चालवली तरी हा हिस्सा तसाच राहील. क्लिंकर कमी वापरणे हाच त्यावरचा हाताशी असलेला उपाय आहे. पीपीसी सिमेंटमध्ये ३५ टक्क्यांपर्यंत औष्णिक वीज केंद्राची राख चालते, स्लॅग सिमेंटमध्ये ७० टक्क्यांपर्यंत पोलाद कारखान्याची धातुमळी (स्लॅग) चालते, आणि २०२३ मध्ये भाजलेली चिकणमाती व चुनखडी मिसळलेल्या सिमेंटसाठीही भारतीय मानक आले. चंद्रपूर, कोराडी, एकलहरे येथील राखेची आणि डोलवीच्या पोलाद कारखान्यातल्या मळीची महाराष्ट्रात टंचाई नाही. तरीही गिलाव्यापासून कोब्यापर्यंत सगळीकडे ‘५३ ग्रेडच पाहिजे’, म्हणजे जास्त ताकदीचे साधे सिमेंटच हवे, असा आग्रह धरणारे ग्राहक आणि गवंडी भेटतात. गिलाव्याला तेवढ्या ताकदीची गरज नसते. उलट अति कडक गिलाव्याला भेगा लवकर पडतात.

कचरा वाचवणारी भिंत आणि तापणारी भिंत

आता सुरुवातीला म्हटलेल्या पेचाकडे येऊ. गेल्या काही वर्षांत मुंबई आणि पुण्याच्या उंच इमारतींत ॲल्युमिनियमच्या साच्यांचे काम सर्वत्र दिसू लागले आहे. साइटवर त्याला सर्रास ‘मायवान’ म्हणतात. यात भिंती आणि स्लॅब एकाच वेळी काँक्रीटमध्ये ओतले जातात. कचऱ्याच्या दृष्टीने ही पद्धत उत्तम आहे. वीट नसल्याने तुटलेली वीट नाही. विजेचे पाइप ओतण्याआधीच बसवलेले असल्यामुळे तयार भिंतीला झिऱ्या मारून पुन्हा गिलावा करणे नाही, किंबहुना गिलावाच जवळपास नाही. प्लायवूडचा साचा थोड्या वापरांनंतर फेकावा लागतो, तर ॲल्युमिनियमचा साचा शंभराहून अधिक वेळा वापरता येतो आणि शेवटी वितळवताही येतो. काम वेगाने होते हा विकासकाचा फायदा वेगळाच.

पण काँक्रीटमधून उष्णता सहज वाहते. भिंतीच्या एका चौरस मीटरमधून, आतबाहेरच्या तापमानात एक अंशाचा फरक असताना, किती वॅट उष्णता आत येते यावरून भिंतींची तुलना करतात आणि या आकड्याला यू-मूल्य म्हणतात. दीडशे मिलिमीटर जाडीच्या काँक्रीट भिंतीसाठी ते पावणेचारच्या आसपास आहे, नऊ इंची विटांच्या गिलावा केलेल्या भिंतीसाठी सुमारे दोन, आणि दोनशे मिलिमीटरच्या एएसी ब्लॉकच्या (हवेच्या बुडबुड्यांनी भरलेल्या हलक्या ठोकळ्यांच्या) भिंतीसाठी ०.८ च्या आत. दहा चौरस मीटरची पश्चिमेची भिंत आणि दहा अंशांचा फरक धरून गुणाकार केला, तर काँक्रीटमधून ३७५ वॅट, विटेतून २०० आणि एएसीतून ८० वॅटहून कमी उष्णता आत येते. एक टनाचा एसी सुमारे ३,५०० वॅट उष्णता बाहेर फेकू शकतो. म्हणजे त्याची एक दशांशाहून अधिक ताकद त्या एकाच काँक्रीटच्या भिंतीसाठी खर्च होणार. साच्याच्या पद्धतीने बांधताना वाचलेला कचरा एकदाच वाचतो. भिंतीतून येणाऱ्या उष्णतेसाठीचे विजेचे बिल इमारत उभी असेतोवर दर उन्हाळ्यात येते आणि ते विकासकाला भरावे लागत नाही.

यावर मार्ग आहेत. आतल्या भिंती आणि जिने साच्यात ओतून बाहेरच्या, विशेषतः पश्चिमेच्या भिंती एएसी ब्लॉकने भरता येतात. पुण्याच्या शिर्के समूहामुळे रूढ झालेल्या ‘सिपोरेक्स’ या नावाने आपल्याकडचे जुने लोक हा ब्लॉक ओळखतात. राख किंवा वाळू, सिमेंट, चुना, जिप्सम आणि चिमूटभर ॲल्युमिनियमची पूड यांच्या मिश्रणात असंख्य बुडबुडे तयार होतात, ते मिश्रण वाफेच्या दाबाखाली घट्ट केले जाते आणि आत अडकलेली हवा उष्णता अडवते. हा ब्लॉक हाताळताना तुटतो हे खरे, पण त्याचे तुकडे स्वच्छतागृहाच्या खोलगट स्लॅबमध्ये भराव म्हणून चालतात आणि वजनाने हलके असल्याने विटांच्या तुकड्यांपेक्षा बरे पडतात. काँक्रीटचीच भिंत ठेवायची असेल, तर बाहेरून उष्णतारोधक थर, फिकट रंग आणि सावली यांचा विचार करावा लागतो. वास्तुविशारद लॉरी बेकर यांनी केरळमध्ये रुजवलेली, विटा उभ्या लावून मध्ये पोकळी सोडणारी रॅट-ट्रॅप पद्धत सुमारे २५ टक्के विटा वाचवते आणि त्या पोकळीमुळे उष्णताही अडवते. उंच इमारतीला ती पटकन लागू होत नाही, पण गावाकडे बंगला बांधणाऱ्याने तिचा जरूर विचार करावा.

निवासी इमारतींसाठी ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोने डिसेंबर २०१८ मध्ये ‘इको निवास संहिता’ जाहीर केली. भिंती आणि खिडक्या मिळून उन्हाळ्याच्या काळात सरासरी दर चौरस मीटरला १५ वॅटपेक्षा जास्त उष्णता आत येऊ नये, ही तिची मुख्य कसोटी आहे. छतासाठी स्वतंत्र मर्यादा दिलेली आहे. राज्यांनी आणि स्थानिक संस्थांनी आपल्या नियमावलीत घेतल्याखेरीज ती बंधनकारक होत नाही, पण वास्तुविशारदाला हा आकडा विचारायला कोणाची परवानगी लागत नाही. १५ वॅटच्या हिशेबात भिंतींतून येणारी उष्णता, काचेतून झिरपणारी उष्णता आणि काचेतून थेट येणारे ऊन असे तीन घटक असतात. यांतला तिसरा घटक अनेकदा सर्वांत जड ठरतो आणि ब्रोशरमध्ये जमिनीपासून छतापर्यंतच्या काचेचे चित्र पाहून घर घेणाऱ्यांना तो ताबा मिळाल्यावर कळतो. दक्षिणेचे ऊन छज्जा अडवतो, कारण सूर्य उंचावरून येतो. पश्चिमेचा सूर्य संध्याकाळी खाली उतरलेला असतो. तिथे छज्जा कुचकामी असून उभी पडदी, बाहेरची जाळी किंवा मुळात लहान खिडकी हेच उपयोगी पडते.

मुंबईसारख्या दमट हवेत वाऱ्याचे महत्त्व उष्णता अडवण्याइतकेच आहे. अशा प्रदेशात उघडता येणारा खिडकी-दारांचा भाग घराच्या चटईक्षेत्राच्या किमान १६.६६ टक्के असावा, असे संहिता सांगते. हे प्रमाण एकूण क्षेत्रावर मोजतात. पण समजण्यापुरती १२० चौरस फुटांची एक खोली घेतली, तर २० चौरस फूट उघडी जागा हवी. चार बाय चारची सरकती खिडकी दिसायला १६ चौरस फुटांची असली तरी एक काच दुसऱ्यावर सरकत असल्याने वारा येतो तो फक्त आठ चौरस फुटांतून. तीच खिडकी बिजागरीवर उघडणारी असेल, तर संहिता तिचा ९० टक्के भाग उघडा धरते, म्हणजे सुमारे साडेचौदा चौरस फूट होतो.

गच्चीच्या बाबतीत आपल्या गवंड्यांकडे एक जुना तोडगा आहे आणि त्याचे कौतुक पुरेसे झालेले नाही. विटांच्या तुकड्यांचा कोबा आणि त्यावर फुटक्या पांढऱ्या फरशांच्या ठिकऱ्यांचे चायना मोझाइक, असे हे काम गळती थांबवण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या होत आले आहे. त्यात दोन प्रकारचा राडारोडा खपतो, कोबा उष्णता आत यायला उशीर करतो आणि पांढरा चकचकीत पृष्ठभाग ऊन परतवून लावतो. कोब्याचे वजन ही मात्र त्याची खरी मर्यादा आहे, त्यामुळे जुन्या स्लॅबवर आणखी एक थर चढवण्याआधी संरचना अभियंत्याचा सल्ला हवाच.

एक अप्रिय मुद्दा उरतो. सर्वांत कमी कचरा आणि सर्वांत कमी सिमेंट लागते ते न पाडलेल्या इमारतीला. मुंबईत तीस वर्षांहून जुन्या इमारतींची संरचनात्मक तपासणी कायद्याने बंधनकारक आहे आणि ज्या इमारती तपासणीत धोकादायक ठरतात त्या उतरवल्याच पाहिजेत, त्यात वाद नाही. पण दुरुस्तीने आणखी वीस वर्षे टिकतील अशा इमारतीही वाढीव चटईक्षेत्रासाठी पाडल्या जातात. मोठे घर हवे असणे गैर नाही. तपासणी अहवालातले ‘दुरुस्तीयोग्य’ हे पान सभेत वाचले न जाणे मात्र मला गैर वाटते.

पाडायचेच ठरले, तर विकासकाबरोबरच्या करारात या गोष्टी लिहून घेता येतात. पाडकामापूर्वी पीओपी, लाकूड आणि काच वेगळी काढली जाईल. राडारोडा पालिकेने ठरवलेल्या केंद्रातच जाईल आणि प्रत्येक खेपेची वजनपावती संस्थेला मिळेल. नव्या इमारतीच्या पश्चिम व दक्षिण भिंतींचे यू-मूल्य, खिडकीचा प्रकार आणि गच्चीवरचा थर नकाशांसोबत लेखी दिला जाईल. यांतल्या गच्चीच्या थरात आणि पुष्कळदा खिडक्यांत काम निम्मे झाल्यावरही बदल करता येतो. भिंतीचा प्रकार मात्र साच्यांची ऑर्डर जाण्याआधीच ठरवावा लागतो, आणि ती ऑर्डर बहुतेक वेळा जुन्या इमारतीचे पाडकाम चालू असतानाच गेलेली असते.